भाडेकरूचं डोहाळजेवण करू नये

खोल्या भाड्याने द्यायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. लोक सल्ला विचारायला येतात. हायवे रुंद झाल्यापासून पोलादपूरच्या आसपास ज्याच्याकडे चार पत्रे आणि एक मोरी आहे, त्या प्रत्येकाला आपण घरमालक व्हावं असं वाटायला लागलं आहे. त्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की भाडेकरूचं डोहाळजेवण करू नये. त्यांना वाटतं मी चेष्टा करते. ते बिचारे लाईटच्या मीटरबद्दल विचारायला आलेले असतात.

मीटरबद्दल आधी सांगून टाकते. प्रत्येक खोलीला मीटर वेगळा हवा. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं ठेवली की दोघांपैकी एकाचा पंखा रात्रंदिवस चालतो आणि तो कोणाचा हे शेवटपर्यंत कळत नाही. पाण्याच्या टाकीला झाकण हवं आणि झाकणावर दगड हवा. पावसाळ्याआधी पत्र्याचे खिळे बघून घ्यावेत, डांबर लावावं. खोली ताब्यात देताना भिंतींचे, नळांचे, खिडक्यांचे फोटो मोबाईलवर काढून ठेवावेत आणि भाडेकरूच्या देखत काढावेत. करार अकरा महिन्यांचा करावा. अकराच का, हे मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही, पण सगळे करतात. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. तिथे थोडं बसावं लागतं. आणि नात्यातल्या माणसाला खोली देऊ नये. तो भाडं देतो, पण ते आपल्यावर उपकार म्हणून देतो.

आता माणूस ओळखायचं. खोली बघायला कोणी आलं की मी पाणी देते. प्यायल्यावर तो फुलपात्र कुठे ठेवतो ते बघते. परत हातात देणारा चांगला. खाली जमिनीवर ठेवणारा बरा. खिडकीत ठेवणाऱ्याला खोली देऊ नये, कारण तो पुढे सगळंच खिडकीत ठेवतो. दाढीचं सामान, कांदे, ओली बनियन. एकदा मी ही परीक्षा बाजूला ठेवून एका साहेबांना खोली दिली होती, तर त्यांनी खिडकीत कुंडी ठेवली आणि कुंडीत पाणी घालून घालून भिंत फुगवली.

आमचं घर पोलादपूरच्या अलीकडे, हायवेपासून आत, एका वाडीत आहे. पुढे ओटी, ओटीला लागून एक खोली, मग माजघर आणि स्वयंपाकघर. मागच्या अंगणात ओळीने तीन खोल्या, त्या मी भाड्यासाठीच बांधून घेतल्या. आमचे हे महाडला एमआयडीसीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर ते माणसांशी कमी आणि पाण्याच्या पंपाशी जास्त बोलायला लागले. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली. खोल्यांचा कारभार माझा, पंप आणि नळ ह्यांचे. दोन मुलगे, दोघेही मुंबईला, त्यांची आपापली बिऱ्हाडं. मुलगी नाही.

वाडीबद्दल एक गोष्ट घाटावरच्या भाडेकरूंना समजावून सांगावी लागते. ही अख्खी वाडी एकाच भावकीची आहे. कुठल्याही घरात सुनेला मूल झालं की सगळ्या वाडीला सोयर आणि कुठल्याही घरात कोणी गेलं की सगळ्या वाडीला सुतक. मग तेवढे दिवस कोणी देवाला हात लावायचा नाही, सण करायचा नाही. अशा वेळी देवाजवळ दिवा लावायला वाडीत भावकीबाहेरचा माणूस शोधावा लागतो आणि तो म्हणजे भाडेकरू. मागच्या खोलीत एक प्राथमिक शाळेचे मास्तर राहतात, जत तालुक्यातले. त्यांनी गेल्या काही वर्षांत आमच्या वाडीतले निम्मे देव सांभाळले आहेत. म्हणून मी घरमालकांना सांगते, भावकीच्या वाडीत एक तरी खोली परक्याला द्यावी. हा व्यवहाराचाच भाग आहे.

ओटी आणि लगतची खोली मी भाड्याने द्यायचं ठरवलं तेव्हा वाडीत बोलणं झालंच. ओटीवर आमचा गणपती बसतो. पण गणपती बसतो पाच दिवस, उरलेलं वर्षभर ओटी मोकळी, आणि मोकळी जागा बघितली की माझं डोकं दुखतं. मी करारातच अट घालून घेतली, की गणपतीच्या दिवसांत भाडेकरूने ओटी रिकामी करून द्यायची, सामान माळ्यावर ठेवायचं, आणि स्वतः लगतच्या खोलीत राहायचं. महाडला करार टाईप करणारा म्हणाला, अशी अट त्याने आजवर टाईप केली नव्हती. मी म्हटलं, मग आज कर.

जागा बघायला एक नवराबायको आले. तो केमिकल कंपनीत शिफ्टला, साताऱ्याकडचा. ती वरंध घाट चढून गेलं की भोरच्या बाजूला एक गाव आहे, तिथली. नवीन लग्न. मी पाणी दिलं. त्याने फुलपात्र माझ्या हातात परत दिलं. ती आपलं पाणी प्यायली, उठली आणि तिने मोरीवर जाऊन दोन्ही फुलपात्रं विसळली आणि पालथी घातली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. भाडेकरूने इतकं चांगलं असायचं कारण नाही.

ते राहायला आले. त्याने भिंतीला खिळा ठोकायच्या आधी विचारलं. ती मला काकू म्हणायची आणि ह्यांना काका. आई तिची लहानपणीच गेलेली, माहेरी भाऊ आणि भावजय. सासू गावी, गुडघ्यांनी बसलेली. हे सगळं मला पहिल्या आठवड्यात कळलं, मी न विचारता. घरमालकिणीने भाडेकरूच्या घरची एवढी माहिती ठेवू नये. कडी वाजवून आत जावं, कामाचं बोलावं, बाहेर यावं. मी कडी वाजवायची, आत जायची, आणि मग तिथेच तिच्या पुढ्यात मेथी निवडत बसायची. मेथी तिची.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ठरलं. पण आषाढात दरड आली आणि वरंध घाट बंद झाला. तो दर पावसाळ्यात होतोच. लांबून वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस गाडीत, आणि रस्ता सगळा खड्ड्यांचा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. भाऊ फोनवर म्हणाला, घाट सुरू झाला की न्यायला येतो. भावजय मागे काहीच म्हणाली नाही, आणि ती काहीच म्हणाली नाही हे मला फोन पोरीच्या कानाला असूनही ऐकू आलं.

तिला डोहाळे लागले ते सुकटीचे. घाटावरची पोर, लग्नाआधी सुकट नावालाही खाल्लेली नाही, आणि आता माझ्या चुलीवर सुकट भाजली की माजघराच्या दारात येऊन उभी राहायची. तोंडाने मागायची नाही. मी वाटी भरून द्यायची. हे काही डोहाळजेवण नव्हतं, एका वाटीने काही नातं लागत नाही. पण सातवा लागला आणि वाडीतल्या बायका विचारायला लागल्या, की पोरीची ओटी कोण भरणार. मी म्हटलं, मला कशाला विचारता, मी काय तिची आई आहे?

हे पंपाजवळ बसले होते. मान वर न करता म्हणाले, "भर की तू."

दुसऱ्या दिवशी ते पंपाचा वॉशर आणायला महाडला गेले आणि हिरवी साडी घेऊन आले. वॉशर विसरले. तीन दिवस आम्ही विहिरीचं पाणी ओढलं.

मग डोहाळजेवण झालं, ओटीवरच. वाडीतल्या सगळ्या बायका आल्या. तिला फुलांची वाडी भरली. आईच्या जागी कोण बसणार म्हणून थोडी कुजबुज झाली. पाट माझाच होता, मी बसले. तिची ओटी भरली. ती वाकून पाया पडली तेव्हा तिला वर उठता येईना, तर मीच हात दिला. जेवायला पुरणपोळी होती आणि तिच्या एकटीच्या पानात बाजूला सुकट. अख्खी वाडी जेवून गेली. साडीतले फोटो तिच्या नवऱ्याने स्टेटसला टाकले.

इथवर काही बिघडलेलं नव्हतं. तारीख गणपती होऊन गेल्यावरची दिली होती. पण पोरं तारखा बघून येत नाहीत.

हरतालिकेची सकाळ. मुंबईहून आमचे धाकटे दीर बायकोमुलांना घेऊन आदल्या दिवशीच आले होते. दीर त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि सुट्टीवर असले तरी सेक्रेटरी असतात. ठरल्याप्रमाणे ओटी रिकामी करणं चाललं होतं. त्या दोघांची कॉट माळ्यावर गेली, कपाट लगतच्या खोलीत सरकवलं. मखर बांधून झालं. मी नारळ खवायला बसले होते. तिला पहाटेच महाडला दवाखान्यात नेलं होतं, नवरा बरोबर होता. दहाच्या सुमाराला त्याचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

ह्यांनी पंप बंद केला. तो भर सकाळी बंद होत नसे. मला म्हणाले, "साखर दे." मी दिली. बाकीच्यांना वाटून झाल्यावर उरलेली त्यांनी एकट्यानेच खाल्ली.

साखर वाडीत गेली तशी बातमीही गेली. तासाभरात भावकीतले आबा काठी टेकत आले. आबा वाडीत सगळ्यांत थोरले. सोयर, सुतक, मानपान, कोणाच्या दारात पालखी आधी थांबायची, हे सगळं त्यांच्याकडे. मागोमाग आणखी दोघं-तिघं आले. आबा ओटीवर मखरासमोर बसले.

"सूनबाय, पोर बाळंत झाली म्हनं."

"झाली, आबा. मुलगी झाली."

"चांगला झाला. मंग गनपतीचा काय?"

मी म्हटलं, "गणपतीचं काय? उद्या बसवायचा. ती भाडेकरू हाय आबा, भावकी नाय."

आबांनी मान डोलावली. "भाडा घेतेस ना तिच्याकडनं?"

"घेते तर."

"मंग परकी. परक्याचा सोयर लागत नाय." ते उठायलाच लागले होते.

तेवढ्यात त्यांच्या मागे उभी असलेली आमची चुलतजाऊ म्हणाली, "पन ओटी भरली ना गो तू तिची? आयच्या जागी पाटावर बसलीस. आम्ही सगळी जेवून गेलो."

आबा परत बसले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की हे आता लवकर उठत नाहीत. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि न्याय सांगायला सुरुवात केली. लग्न झालेली लेक दुसऱ्या घरची. पण ती बापाच्या घरी बाळंत झाली तर आईबापाला तीन दिवस सोयर. आणि आईबाप गेले तर लेकीला तीन दिवस सुतक. एवढंच तिचं नातं उरतं, पण उरतं. मग ती पोटची असो नाहीतर मानलेली.

मी म्हटलं, "पण ती घरी नाय झाली. महाडला दवाखान्यात झाली."

"दवाखान्यात आता सगल्याच होतात. तिथनं पोर घिऊन ती येनार कुठल्या घरी?"

मी वर बघितलं. तिचं सामान आमच्याच माळ्यावर होतं.

"भावकीला काय नाय, आमचे गनपती बसतील," आबा म्हणाले. "सवाल तुझ्या घराचा. तू एक काय तो सांग. परकी म्हनलीस तर उद्या देव बसव, आनि तिची दुसरीकडं कुठं सोय कर, देवाच्या भिंतीला लागून बाळंतीन नको. लेक म्हनलीस तर तीन दीस थांब. दोन्ही चालतात. पन एकच सांग."

दीर पुढे झाले. "वहिनी, ह्यात विचार करण्यासारखं काय हाय? टेक्निकली ती टेनंट हाय. ॲग्रीमेंट हाय, क्लॉज हाय. पाच दिवस महाडला लॉजवर ठेवू, मी बुकिंग करतो. थोडं ॲडजस्ट करायचं. आपल्याकडं गणपती कधी चुकलाय का?"

कधी चुकला नव्हता. मी लग्न होऊन ह्या घरात आले त्या वर्षापासून एकही चतुर्थी अशी गेली नव्हती की ओटीवर देव नाही. आणि हिशेब सरळ होता. करार होता, मीटर वेगळा होता, चूल वेगळी होती. मी परकीच म्हणणार होते. त्यात माझं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. ओली बाळंतीण लॉजवर ठेवणं मला पसंत नव्हतं, पण मास्तरांची खोली सुट्टीत रिकामी असते, ती मिळाली असती. तिथे पावसाचं थोडं झिरपतं, तर बादली ठेवली असती. मी तोंड उघडलं.

हे मागच्या दाराने आले. हाताला ग्रीस होतं, ते फडक्याला पुसत होते. त्यांनी मखराकडे बघितलं, मग आबांकडे.

"लेक हाय," ते म्हणाले. "तीन दीस पाळू."

आबा म्हणाले, "बरा."

"मूर्ती कारखान्यात राहूं दे तंवर. मी सांगून येतो." आणि ते सायकल काढून निघून गेले. खोल्यांच्या कारभारात ह्यांनी तोंड घातलेलं ते पहिलं आणि शेवटचं.

माझा संताप झाला. सगळ्या वाडीसमोर, मला न विचारता. पाच नारळ खवून झालेले, दिरांची सुट्टी मोजकी, जावेने मुंबईहून मोदकांचा साचा आणलेला. खवलेल्या खोबऱ्याच्या शेवटी वड्या करून टाकल्या आणि त्या वड्या गोड झाल्या म्हणूनही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी वाडीत घरोघर गणपती आले. आरतीचा मेळा एका घरातून दुसऱ्या घरात जायचा, टाळ वाजायचे, आणि आमच्या दारासमोरून सगळे आवाज थोडा कमी करून जायचे, कोणी आजारी असल्यावर जातात तसे. रिकामं मखर, त्याच्यावरच्या दिव्यांच्या माळा दिरांनी तरी लावून ठेवल्या होत्या. त्या उगीच पेटायच्या, विझायच्या. मूर्तीच्या कारखान्यात सगळ्यांचे देव नेऊन झाले होते, आमचा एकटा फडक्याखाली बसून होता. हे दोन्ही दिवस तिकडे जाऊन बघून आले. कारखानदार काय म्हणाला विचारलं तर म्हणाले, "काय नाय. चहा पाजला."

भटजींना फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, गौरीबरोबर आणा, चालतं. भटजींना घाई असली की सगळं चालतं.

गौर आणायच्या दिवशी सोयर फिटलं. सकाळी हे डोक्यावरून मूर्ती घेऊन आले. जाऊ ओढ्यावरून तेरड्याची गौर घेऊन आली. आणि मी दारात दोघांच्या पायावर पाणी घालत असतानाच रिक्षा आली. दवाखान्यातून सोडलं होतं. ती हळूहळू उतरली, मांडीवरचं गाठोडं नवऱ्याच्या हातात. मी भाकरतुकडा करून ठेवला होता तो पोरीवरून ओवाळला, तिच्यावरून ओवाळला, आणि घाईत गौरीवरूनही ओवाळला. गौरीवरून ओवाळत नाहीत. जाऊ म्हणाली, "वहिनी, ती देवी हाय." मी म्हटलं, "दृष्ट तिलापन लागत असंल."

गणपती ओटीवर बसला. बाळंतीण देवाच्या भिंतीला नको म्हणून माजघरात, म्हणजे आमच्या खोलीत; घरात कोरडी आणि उबदार जागाही तेवढीच. आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपलो. तिला शेक दिला, डिंकाचे लाडू केले, पोरीला न्हाऊ घातलं. दिरांची सुट्टी संपली आणि ते दीड दिवसाचीच आरती करून गेले. जाताना पोरीच्या मुठीत नोट ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या ॲग्रीमेंटला प्रेग्नन्सीचा क्लॉज टाका. हा सल्ला मी कोणाला देत नाही, पण त्यांनी दिला होता म्हणून सांगितला.

खरी अडचण पुढे सुरू झाली. भाडेकरू तक्रार करतो, लेक सांगते. काकू, टाकी धुवायला झाली. काकू, ही बरणी खाली ठेवा, तुमचा खांदा दुखतो. काकांना एवढं मीठ देऊ नका. माझ्या स्वयंपाकघरातले डबे तिने उंचीप्रमाणे लावले आणि मला आजही हिंग सापडत नाही. भिंतीला पाळण्याचा हूक ठोकायचा होता तेव्हा कोणी मला विचारलं नाही. ह्यांनीच ठोकला. भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला येत होतं आणि मी घेत होते. लेक असली तरी मीटर वेगळा होता.

पोरगी रांगायला लागली ती थेट पंपाकडे. ह्यांनी पंपाला जाळी केली. मग जाळीच्या आत ते आणि बाहेर ती, अशा त्यांच्या गप्पा चालायच्या. ह्यांचं आयुष्यात एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. मला ते आवडायचं. स्पष्टच सांगते, खूप आवडायचं, आणि मी भांडी घासायची थांबून ऐकत राहायची.

मग त्याला चाकणला नोकरी लागली. जायच्या दिवशी मी सगळं नियमाप्रमाणे केलं. नळ सोडून बघितले, बंद करून बघितले. मीटरचं रीडिंग घेतलं. खोलीचे फोटो काढले, जुन्या फोटोंशी ताडून पाहिले. हूक आणि त्याच्याभोवतीचा पोपडा सोडला तर भिंत जशीच्या तशी होती. किल्ली घेतली. मग तिला पाटावर बसवून ओटी भरली, कारण लेक घरातून निघताना भरतात. टेम्पो गेल्यावर हे पंपाशी जाऊन बसले. पंप चालू नव्हता.

ओटी पुढे मी एका बँकेतल्या साहेबांना दिली. त्यांनी पाण्याचं फुलपात्र खिडकीत ठेवलं होतं, ते मी बघितलं, तरी दिली. कुंडीवाले ते हेच.

फोन यायचा तिचा. सणाला, पोरीच्या वाढदिवसाला. एक-दोनदा येऊन गेली. आपली माणसं असतात तशी. फार काही नाही.

गेल्या चैत्रात हे गेले. सकाळी पंप चालू केला, टाकी भरली, वाहायला लागली तरी कोणी बंद करेना म्हणून मी ओरडत मागे गेले. ते भिंतीला टेकून बसले होते. मी अजून ओरडतच होते.

मुलगे दुपारपर्यंत पोचले. सगळं त्यांनी केलं. संध्याकाळी चाकणहून ती आली, पोरीला घेऊन, एकटीच बसने. नवऱ्याला शिफ्ट सोडता आली नव्हती. आली ती सरळ माजघरात येऊन माझ्याशेजारी बसली. कोणी शेजारच्या वाडीतून पिठलंभात पाठवला होता, तो तिने मला कालवून दिला. मी खाल्ला. मी रडत नव्हते. मला पुढची कामं दिसत होती. मुलांना सुट्टी किती, दहाव्याला किती माणसं, पंपाचं कोण बघणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं. देव तसेच, दिवा नाही. घरातल्या कोणाला चालणार नव्हतं. वाडीत कोणालाच चालणार नव्हतं, सगळी भावकी सुतकात. ती दाराशी बसून पोरीची वेणी घालत होती. वाडीतल्या दोन-तीन बायका होत्या, आबा बाहेर ओट्यावर होते. मला सोपं वाटलं.

मी म्हटलं, "गो, आंघोळ करून जरा देवाजवळ दिवा लाव. आम्हा सगळ्यांना सुतक हाय. तू परकी, तुला चालतं."

तिने वेणीचा पेड सोडला नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला नाही चालत, काकू. मला तीन दिवस आहेत."

आणि पोरीला म्हणाली, मान सरळ ठेव.

त्या दिवशी आबांनी ओटीवर काय सांगितलं होतं ते तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. ती तेव्हा दवाखान्यात होती. मी तर सांगितलं नव्हतं. मला तेव्हा रडू आलं. आदल्या दिवसापासून आलं नव्हतं ते सगळं आलं. तिने पोरीची वेणी पुरी केली, रिबीन बांधली, आणि मग उठून माझ्याजवळ आली.

मास्तरांना निरोप पाठवला. ते आंघोळ करून, सोवळ्याने आले. देवांवर पाणी घातलं, दिवा लावला, नमस्कार केला. जाताना दारात थोडे घुटमळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, मागचा नळ कालपासून गळतो आहे, तो आता कोण बघणार. ते भाडेकरू आहेत, त्यांनी विचारायलाच हवं.